डोंगरालाच मुख्य मूर्ती मानणारं मंदिर: इवायाजीची पहिली भेट

जपानच्या शिकोकु बेटाला वळसा घालणारी ८८ बौद्ध मंदिरांची एक परिक्रमा आहे. वाट सुमारे १,२०० किलोमीटरची, पायी केली तर चाळीस ते साठ दिवसांची. शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५), ज्यांना जपानी लोक कोबो दाइशी या पदवीने ओळखतात, त्यांच्या नावाने ही यात्रा चालते. ते शिकोकुतच जन्मले आणि तरुणपणी इथल्याच डोंगरांत आणि समुद्रकाठी त्यांनी साधना केली.

पहिल्याच खेपेला सगळी ८८ मंदिरं करायची गरज नाही. जपानी यात्रेकरूही ती तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं करत राहतात. टोकियो-ओसाकात राहणारे किंवा भारतातून फिरायला आलेले मराठी लोक मला विचारतात की एकाच मंदिराला जायचं तर कुठे जावं, तेव्हा मी ४५व्या मंदिराचं नाव सांगते: एहिमे प्रांतातल्या कुमाकोगेनमधलं इवायाजी. इथे पोचायला गाडी पुरत नाही, शेवटची चढण प्रत्येकाला पायीच चढावी लागते. आणि इथे डोंगर हीच मुख्य मूर्ती मानली आहे. परंपरा सांगते की कूकाई ८१५ मध्ये आले तेव्हा होक्के सेन्निन नावाची एक तपस्विनी या कड्यांमध्ये राहत होती. तिने त्यांच्यावर श्रद्धा ठेवून हा डोंगर त्यांना दिला. कूकाईंनी फुदो म्योओ या रौद्र देवतेच्या दोन मूर्ती घडवल्या, एक लाकडाची, एक दगडाची. लाकडाची मुख्य मंदिरात ठेवली, दगडाची कड्यातल्या गुहेत बंद केली आणि अख्ख्या डोंगराला फुदोचं रूप मानलं.

हे आधी माहीत असलेलं बरं, कारण त्यावरून दिवसाची आखणी ठरते. अर्ध्या तासात वहीत मंदिराचा शिक्का घेऊन परत फिरणारे बरेच असतात आणि त्यांचा डोंगर राहून जातो. बसथांब्यावर उतरल्यापासून परत तिथे येईपर्यंत निदान अडीच-तीन तास हाताशी ठेवा.

कधी जावं

कुमाकोगेनचा भाग पाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे मात्सुयामा शहरात ऊन असलं तरी इथे स्वेटर लागू शकतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कड्याखालची मेपलची झाडं लाल होतात, तेव्हा गर्दीही असते. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत वादळांची शक्यता. सह्याद्रीत पावसात भटकण्याची सवय असलेल्यांना पावसाचं काही वाटणार नाही, पण शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर इथेही पाय तसाच घसरतो. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत बर्फ पडतं आणि पायऱ्यांवर त्याचा कडक थर जमतो. पहिल्या भेटीसाठी हे महिने टाळा.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात जंगलवाटेवर मोठ्या गांधीलमाश्या असतात. काळे कपडे आणि अत्तर टाळा, आणि माशी घोंघावू लागली तर हात न झटकता हळूहळू मागे सरका. झाडोऱ्यात मामुशी नावाचा विषारी साप असतो, म्हणून वाट सोडून गवतात शिरू नका.

काय बरोबर घ्यावं

यात्रेकरूचा पूर्ण वेश सक्तीचा नाही. साध्या कपड्यांत जाऊन मनापासून हात जोडले तरी कुणी काही म्हणत नाही. पण वेश समजून घेतला तर समोर दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागतो.

पांढरा अंगरखा म्हणजे हाकुए. तो पूर्वी मृताच्या अंगावर घालायचा पोशाख होता. वाटेत मरण आलं तरी तयारी असावी, हा त्यामागचा भाव. गवती टोपी म्हणजे सुगेगासा, ती देवळातही काढावी लागत नाही. गळ्यात घालायची कापडी पट्टी म्हणजे वागेसा. शौचालयात जाताना मात्र ती काढून ठेवतात. आणि कोंगोझुए ही काठी. ती प्रत्यक्ष कोबो दाइशींचं रूप मानली जाते. टोपीवर आणि अंगरख्यावर ‘दोग्यो निनिन’ ही अक्षरं असतात: वाटेवर दोघं जण आहेत, एक यात्रेकरू आणि दुसरे दाइशी. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुतात. पुलावर काठी टेकवत नाहीत. ४३व्या मंदिराहून इकडे येताना ओझु शहरात तोयोगाहाशी नावाचा पूल लागतो. त्या पुलाखाली कूकाईंना थंडीत एक रात्र काढावी लागली आणि ती दहा रात्रींएवढी लांब वाटली, अशी कथा आहे. एखाद्या पुलाखाली ते आजही झोपलेले असतील, त्यांची झोप मोडू नये, म्हणून ही रीत.

वेश घ्यायचा असेल तर परिक्रमेच्या पहिल्या र्योझेन्जी मंदिराजवळ सगळं मिळतं. मात्सुयामाहून निघणाऱ्यांना शहरातलं ५१वं मंदिर इशितेजी सोयीचं आहे, दोगो ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांपासून ते चालत जाण्याइतकं जवळ आहे. एकदाच जाणार असाल तर मी म्हणेन की काठी घ्या, बाकीचं राहू द्या. चढणीवर आणि त्याहून जास्त उतारावर तिचा खरोखर आधार होतो.

पिशवीत मात्र एवढं असूच द्या: मेणबत्त्या, उदबत्त्या, लायटर, ओसामेफुदा म्हणजे आपलं नाव लिहून मंदिरात वाहायच्या चिठ्ठ्या, हात पुसायला रुमाल, पाणी, आणि १०० येनची भरपूर नाणी. शिक्का आणि अक्षरं हवी असतील तर नोक्योचो नावाची वही. मंत्रांची छोटी पुस्तिका मिळते. ती जपानी लिपीत असते, पण त्यातल्या मंत्रांबद्दल पुढे लिहिलं आहे, ते वाचलंत तर पुस्तिकेवाचूनही भागेल.

ओसामेफुदा घरीच लिहून ठेवा. तारीख, पत्ता, नाव, वय आणि मागे इच्छा किंवा प्रार्थना. मराठीत लिहिलं तरी चालतं. पत्ता पूर्ण देऊ नका, शहर आणि देश पुरे. परिक्रमा किती वेळा झाली त्यावर चिठ्ठीचा रंग ठरतो: चार वेळांपर्यंत पांढरा, पाचव्यापासून हिरवा, आठव्यापासून लाल, पंचविसाव्यापासून चंदेरी, पन्नासाव्यापासून सोनेरी आणि शंभराव्यापासून जरीकापडाचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने पांढऱ्याच घ्यायच्या. एका मंदिरात दोन चिठ्ठ्या लागतात, काही जास्त ठेवा.

शाकाहारी असाल तर जेवणाची सोय आधीच करा. शिकोकुत उदोन म्हणजे रश्शातल्या जाड शेवया सगळीकडे मिळतात, पण त्यांचा रस्सा बहुधा सुक्या माशाच्या पाण्यावर केलेला असतो. भाजी घातलेली दिसली म्हणजे तो शाकाहारी झाला असं नाही. कुमा गावातल्या दुकानातून उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा गोळा घेणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. घरच्या दशम्या-चटणी नेलीत तर उत्तमच. खायला खाली नदीकाठी बसा, देवळाच्या आवारात नाही, आणि कचरा स्वतःबरोबर परत आणा. वाटेवर कचरापेट्या जवळपास नसतात.

कसं पोचावं

ओकायामाहून मात्सुयामाला जलद रेल्वेने पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. ओसाकाहून रात्रीची बस आहे, टोकियोहून विमान. मात्सुयामात आदल्या दिवशीच मुक्कामाला या.

सकाळी मात्सुयामाहून कुमा गावाकडे जाणारी बस पकडायची. ती मिसाका घाट चढून सव्वा तासाच्या आसपास कुमात पोचते. तिथे बस बदलून इवायाजीची बस. या दुसऱ्या बसच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच असतात आणि शनिवार-रविवारी त्या वेगळ्या असतात. म्हणून आधी परतीची शेवटची बस बघा आणि मग जाण्याची ठरवा. माझ्या मते साऱ्या आखणीत महत्त्वाची गोष्ट हीच. परतीची बस चुकली तर कुमाहून टॅक्सी बोलवावी लागते आणि दरीत मोबाइलचं नेटवर्क नेहमी मिळेल याची खात्री नसते. टॅक्सीवाल्याचा नंबर आणि मंदिराचं जपानी अक्षरांतलं नाव कागदावर लिहून ठेवा.

खेडेगावातल्या बसमध्ये शहरातलं कार्ड चालेलच असं नाही. सहसा मधल्या किंवा मागच्या दाराने चढायचं, दाराशी क्रमांकाची चिठ्ठी मिळते ती जपून ठेवायची. पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखाली भाडं दिसतं. उतरताना पुढच्या दाराशी चालकाजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि नेमके पैसे टाकायचे. सुटे करण्याचं यंत्र तिथेच असतं, पण मोठ्या नोटा ते सहसा घेत नाही. गाडी थांबल्यावरच जागेवरून उठा, चालक त्याबद्दल फार आग्रही असतात.

वेळ आणि पाय दोन्ही हाताशी असतील तर चालत जा. कुमा गावालगतच ४४वं मंदिर दाइहोजी आहे, उंच देवदारांच्या राईत. त्याच्या दाराला गवताचे प्रचंड चप्पलजोड टांगलेले असतात, शंभर वर्षांतून एकदा ते बदलण्याची रीत आहे. तिथून इवायाजीपर्यंतची डोंगरवाट सुमारे नऊ किलोमीटरची आहे, तीन ते चार तास लागतात. हाच्चोझाकाचा चढ दमछाक करतो, पण पुढे वाट डोंगराच्या धारेवरून जाते आणि मंदिरात वरच्या बाजूने उतरते, जुन्या काळी सगळे यात्रेकरू यायचे तशी. पहिल्या भेटीत चालत जाऊन बसने परत येणं हा मेळ मला सर्वांत चांगला वाटतो.

खालून वर

बसथांब्यावरून नदीवरचा पूल ओलांडला की चढण सुरू होते. शौचालय खालीच उरकून घ्या. वर मंदिरापर्यंत साधारण वीस मिनिटं लागतात, सावकाश चढलात तर तीस. अडीचशेहून जास्त पायऱ्या आहेत, मध्येमध्ये सिमेंटचा तिरका रस्ता. गुडघे दुखत असतील त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. वर जायला वाहन नाही आणि व्हीलचेअरची सोय होईल अशी वाट नाही.

दाराशी थांबून एकदा हात जोडून वाका. मधोमध न जाता एका बाजूने आत शिरा. मग चढत राहा, पण मान खाली घालून नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना शेवाळाने झाकलेल्या दगडी मूर्ती आहेत: लाल आंगडं बांधलेले जिझो (मुलांचे रक्षक बोधिसत्त्व), हातात तलवार घेतलेले फुदो. कुणी मृत मुलासाठी, कुणी दुखण्यातून उठल्यावर ठेवलेल्या. समोरून उतरणारे ‘कोन्निचिवा’ म्हणतील, तुम्हीही म्हणा. चढणाऱ्याला आधी वाट देतात.

वाट वळली की झाडांवरून कडा दिसतो. गोटे आणि वाळू एकत्र घट्ट होऊन बनलेला हा खडक आहे, आणि हवा-पाण्याने झिजून त्याला जागोजागी भोकं पडली आहेत. कार्ले-कान्हेरीची लेणी भिक्षूंसाठी माणसांनी छिन्नीने खोदली, इथल्या पोकळ्या मात्र निसर्गानेच घडवल्या. साधक त्यांत येऊन राहिले. त्यातले एक इप्पेन. मात्सुयामातल्या दोगोत जन्मलेले (१२३९–१२८९), पुढे जी पंथाचे प्रवर्तक झालेले हे साधू १२७३ मध्ये इथे साधनेला राहिले होते. त्यांच्या निर्वाणानंतर १२९९ मध्ये काढलेल्या चित्रांच्या गुंडाळीत हे मंदिर, उभे सुळके आणि सुळक्यांना लावलेल्या शिड्या दिसतात. चित्र बघितलेलं असेल तर इथे उभं राहून ते ओळखू येतं.

मंदिराच्या डोंगराचं नाव कैगान, म्हणजे समुद्रकिनारा. इथून समुद्र दूर आहे. पहाटे दरी धुक्याने भरली की ते पाणी वाटतं आणि पाइनमधून वाहणारा वारा लाटांसारखा ऐकू येतो, अशी कूकाईंच्या नावावरची एक कविता आहे. डोंगराचं नाव त्यातून आलं असं सांगतात. सकाळी लवकर पोचलात तर ते धुकं बघायला मिळू शकतं.

वर पोचल्यावर

आधी हात धुण्याचं कुंड. उजव्या हातात पळी घेऊन डाव्या हातावर पाणी घाला, मग डाव्यात घेऊन उजव्यावर. परत उजव्यात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्या, तोंड खळखळून बाजूला टाका. पळी तोंडाला लावत नाहीत. उरलेल्या पाण्याने पळी उभी धरून तिचा दांडा धुतला की झालं. पुढच्या माणसासाठी ती स्वच्छ ठेवायची, एवढाच हेतू. घंटा वाजवायला परवानगी असेल तर पूजेआधीच वाजवा. परतताना वाजवणं अशुभ मानतात.

आता नवख्यांचा हमखास गोंधळ होतो ती जागा. कड्याला टेकून दोन इमारती आहेत आणि त्यांपैकी मोठी, देखणी इमारत मुख्य मंदिर नाही. ती दाइशीदो, कोबो दाइशींचं मंदिर. मुख्य मंदिर होन्दो त्याहून लहान आहे, कारण खरी मुख्य मूर्ती मागचा डोंगरच आहे. १८९८ च्या आगीत बहुतेक जुन्या इमारती गेल्या. दाइशीदो १९२० मध्ये पुन्हा बांधला गेला आणि होन्दो १९२७ मध्ये. दाइशीदोच्या खांबांजवळचं नक्षीकाम थांबून बघा, जपानी मंदिरात पाश्चात्य धाटणीचे तपशील आहेत. ही इमारत राष्ट्रीय महत्त्वाचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेली आहे. पण पूजा आधी होन्दोत, मग दाइशीदोत.

दोन्हीकडे क्रम एकच. एक मेणबत्ती लावा, ती मागच्या किंवा वरच्या रांगेत, म्हणजे नंतर येणाऱ्याचा हात भाजत नाही. तीन उदबत्त्या, मधल्या भागात. दुसऱ्याच्या मेणबत्तीवरून आपली पेटवू नका. त्याने त्याचं दुःख आपल्याकडे येतं, असा समज आहे. म्हणून लायटर हवा. मग चिठ्ठी पेटीत टाका. त्या पेटीत हात घालून दुसऱ्याची रंगीत चिठ्ठी काढू नका, मोह झाला तरी. नाणं दानपेटीत हळूच सोडा. मग पायऱ्यांच्या एका बाजूला सरकून हात जोडा. मधली जागा मोकळी ठेवायची, कारण मागून एखादा मोठा जथा येऊन एकसुरात पठण सुरू करू शकतो. तसं झालं तर थांबून ऐका, शक्य तर त्यांच्या सुरात सूर मिसळा.

पठणात मुख्य म्हणजे ‘हन्न्या शिंग्यो’, आपलं प्रज्ञापारमिताहृदयसूत्र. चिनी अक्षरांतलं हे सूत्र जपानी उच्चारात म्हटलं जातं, शेवटचा मंत्र मात्र कान देऊन ऐका: ‘ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ हारासो ग्यातेइ बोजी सोवाका’. तो ‘गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा’ आहे. मग मुख्य मूर्तीचा मंत्र, इथे फुदोचा: ‘नोमाकु सान्मान्दा बाझारादान् कान्’. मुळात तो ‘नमः समन्तवज्राणां हां’. फुदो म्हणजे अचलनाथ, हातात तलवार आणि पाश, पाठीशी ज्वाळा. त्यानंतर प्रकाशमंत्र: ‘ओन् आबोक्या बेइरोशानो माकाबोदारा मानी हान्दोमा जिंबारा हाराबारिताया उन्’, म्हणजे ‘ॐ अमोघ वैरोचन महामुद्रा मणिपद्म ज्वाल प्रवर्तय हूं’. शेवटी कोबो दाइशींचं नाव: ‘नामु दाइशी हेन्जो कोंगो’, तीन किंवा सात वेळा. कूकाई ८०४ मध्ये चीनला गेले. चांगआनमध्ये त्यांनी प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले आणि हुइगुओ या गुरूंकडून दीक्षा घेतली. ८०६ मध्ये ते परतले. त्यांनी बरोबर आणलेले हे मंत्र मराठी माणसाला पुस्तिका न बघता म्हणता येतात. संस्कृत उच्चारात म्हणा, कुणी अडवणार नाही. जवळची जपानी मंडळी उत्सुकतेने ऐकतात, असाच माझा अनुभव आहे.

महाराष्ट्रातल्या १९५६ नंतरच्या धम्मपरंपरेतून येणाऱ्यांना इथलं वातावरण अनोळखी वाटेल. शिंगोन हा मंत्र, मुद्रा आणि होमाचा पंथ आहे. जपानीत होमाला गोमा म्हणतात. अनेक रौद्र देवतारूपं इथे पूजली जातात. ते आधी ठाऊक असलं की मनात प्रश्न राहत नाही. मंत्र म्हणायचे नसतील तर शांत उभं राहून त्रिशरण म्हणा. मूर्तीसमोर मनापासून उभं राहणं पुरेसं आहे.

मंदिराच्या आतल्या भागाचे फोटो काढू नका. बाहेरचे काढताना पठण करणाऱ्यांचे चेहरे टाळा.

डोंगर

दोन्ही पूजा झाल्या की मगच वेळ खरा सत्कारणी लावायचा. होन्दोच्या शेजारी कड्याला एक लाकडी शिडी लावलेली आहे. वर होक्के सेन्निन जिथे साधना करायची असं सांगतात ती पोकळी आहे. शिडी उभी आहे. दोन्ही हात मोकळे ठेवा, काठी आणि पिशवी खाली. एका वेळी एकच जण. कडा ओला असेल किंवा उंचीची भीती असेल तर खालूनच बघा.

खाली खडकात आना झेन्जो नावाची गुहा आहे. आत अंधार आहे आणि पाण्याचा झरा आहे, कूकाईंनी तो फोडला अशी श्रद्धा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग भिंतीला हात लावत आत जा. वर उजेडात कितीही गर्दी असली तरी इथे एकटं असता येतं. मी तर म्हणेन, सगळा दिवस घाईचा झाला तरी इथली पाच मिनिटं सोडू नका.

दाइशीदोच्या पलीकडे जुन्या निओमोन दारातून डोंगरवाट वर जाते. तिच्या कडेने फुदोच्या छत्तीस बालसेवकांच्या मूर्ती आहेत. हीच दाइहोजीकडून येणारी वाट. थोडं वर सेरिवारी झेन्जो आहे: दोन कड्यांमधली जेमतेम माणूस मावेल एवढी चीर, साखळदंड धरून चढायची, त्यानंतर एक शिडी, आणि माथ्यावर हाकुसान गोंगेन या पर्वतदेवतेचं छोटं देवस्थान. तिथे मंदिराच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, शिक्क्याच्या खिडकीपाशी विचारावं लागतं. पहिल्या भेटीत, एकट्याने आणि पावसाळी हवेत जाऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. चिरेच्या तोंडाशी उभं राहून वर बघितलं तरी जुने साधक कशासाठी इथे येत होते ते कळतं.

शिक्का

दोन्ही पूजा झाल्यावरच नोक्योशोत, म्हणजे शिक्क्याच्या खिडकीपाशी, जायचं. नोक्योचो म्हणजे फक्त जमवायच्या शिक्क्यांची वही नाही. सूत्र अर्पण केल्याची ती पावती, म्हणून आधी पठण आणि मग शिक्का. सध्या ही खिडकी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ पर्यंत असते आणि वहीत लिहून घेण्याचं शुल्क ५०० येन आहे. सुटे पैसे द्या, वही योग्य पान उघडून दोन्ही हातांनी पुढे करा आणि गवती सोडून दुसरी टोपी असेल तर काढा. लिहिणारा माणूस कुंचला फिरवत असताना गप्पा मारू नका. तीन लाल शिक्के पडतात आणि त्यावर काळ्या शाईत फुदोचं बीजाक्षर उमटतं. ते सिद्धम लिपीत आहे. ही लिपी ब्राह्मीतून आली आहे, म्हणजे आपल्या देवनागरीशी तिचं नातं आहे. शाई ओली असते, मध्ये टिपकागद ठेवून वही बंद करा.

वाटेत कुणी काही दिलं तर

शिकोकुत यात्रेकरूला काहीतरी देण्याची जुनी रीत आहे, तिला ओसेत्ताई म्हणतात. एखाद्या आजी थांबवून संत्रं देतील, दुकानदार चहा पाजेल, कुणी शंभर येनचं नाणं हातात ठेवेल. नाही म्हणायचं नसतं. तुम्हाला दिलेलं दाइशींपर्यंत पोचतं असा त्यांचा भाव असतो, आणि नकार दिला तर तो त्या भावाला जातो. दोन्ही हातांनी घ्या, वाका आणि आपली एक ओसामेफुदा द्या. जास्तीच्या चिठ्ठ्या यासाठीच. एवढंच लक्षात ठेवा की ही देणाऱ्याची मर्जी आहे. मागायचं नसतं आणि अपेक्षाही ठेवायची नसते.

परतताना

दाराबाहेर पडल्यावर मागे वळून पुन्हा एकदा वाका. उतरताना पायऱ्यांवर पाऊल आडवं टाका, गुडघ्यांना ताण कमी पडतो. परतीच्या बसच्या निदान पंधरा मिनिटं आधी थांब्यावर असा.

कुमात बस बदलताना तासभर मिळत असेल आणि सकाळी दाइहोजी झालं नसेल तर ते बघून घ्या, बसथांब्यापासून साधारण वीस मिनिटांची चाल आहे. क्रमाने पुढे जायचं असेल तर ४६वं जोरुरीजी मिसाका घाट उतरल्यावर लागतं, आणि तिथून मात्सुयामा शहराच्या बाजूला बरीच मंदिरं जवळजवळ आहेत. पायी चालणाऱ्यांनी इवायाजीनंतर रात्र कुमातच काढावी आणि घाट सकाळी उतरावा. कुमातल्या घरगुती खाणावळी-मुक्कामांत आदल्या दिवशीपर्यंत फोन करून जागा सांगावी लागते, आणि शाकाहारी असल्याचं तेव्हाच सांगायचं: मासा नको, मांस नको, माशाच्या पाण्यातला रस्साही नको. शेवटचं वाक्य विसरलात तर मिसो सूप माशाच्या पाण्यातच येईल.